भुताच्या गळ्यातली टेप

मी एक जुनी डमी आहे. शिंप्याच्या दुकानात कपडा अंगावर चढवून बघायला जी बिनडोक्याची बाई उभी असते ना, तीच मी. मला डोकं नाही, हात नाहीत. कमरेखाली एक लोखंडी दांडा आणि तीन चाकं आहेत, त्यातलं एक कुरकुरतं. तरी मला दिसतं, ऐकू येतं, आणि संशय तर सगळ्यांच्या आधी येतो. कसा, ते विचारू नका. मित्रांनो, तुम्ही माझी गोष्ट का वाचायला घेतलीत, याचाही मला थोडा संशय आहेच.

स्वभावानं मी वाईट नाही. पण विचार करा, जन्मापासून माझ्याजवळ जो येतो तो हातात टाचण्या घेऊन येतो. खांद्यावरून हात फिरवतो, "वा, काय फिटिंग बसलंय" म्हणतो आणि बरगडीत टाचणी खुपसतो. असं वर्षानुवर्षं झाल्यावर कुणावर विश्वास ठेवायचा? माझ्या पोटात चिंध्या आणि कापूस भरलाय, आणि त्यात तुटलेल्या टाचण्यांची टोकं किती आहेत ते माझं मलाच माहीत.

मला घडवलं एका मोठ्या कारखान्यात. माझ्यासारख्या दोनशेजणी एका रांगेत उभ्या होत्या. तिथून मी एका शिंप्याच्या दुकानात आले. त्याला सगळे मास्तर म्हणत. दुकान एका खोलीचं, रस्त्याच्या कडेला. पुढे काउंटर, मागे दोन मशिनी, कोपऱ्यात उभा आरसा, वर माळा. दुकानामागच्या दोन खोल्यांत मास्तरांचं घर. मास्तरांची बायको काज-बटणं करायची. तिला सगळे काकू म्हणत. मास्तरांच्या गळ्यात सदानकदा पिवळी टेप. माप घ्यायची ती टेप गळ्यात नसेल तर मास्तर अर्धवट कपडे घातल्यासारखे अवघडून बसायचे. आणि हातात दुसरं काही आलं, की ती टेप माझ्या गळ्यात पडायची. दिवसातून दहा वेळा. मला त्याची सवय झाली होती.

मास्तरांचं शिवणकाम उत्तम, पण वेळेच्या नावानं बोंब. गिऱ्हाईक आलं की चष्म्यावरून बघत म्हणायचे, "उद्या या." उद्या आलं की पुन्हा "उद्या या." एक बाई तर कोटासाठी इतक्या खेपा घालायची, की शेवटी काकूच तिला खुर्ची द्यायची आणि चहा पाजायची. त्या बाईच्या डोळ्यांत जे काही होतं, त्याची मला भीती वाटायची. मास्तरांना वाटत नव्हती, असं मी समजत होते.

मास्तरांना एक वेड होतं. भुताचे सिनेमे. गावात भुताचा सिनेमा लागला की दुकानाला कुलूप. परत आले की मशीन सुरू करण्याआधी काकूला सगळी गोष्ट सांगायची, आणि ती सांगताना त्यांचा चेहरा हळूहळू कडवट व्हायचा.

"भूत चांगलं होतं गं," ते म्हणायचे, "पण झग्याला इस्त्री! शंभर वर्षांपूर्वी मेलेली बाई, आणि झग्याला ताजी घडी! मग माझी भीती कुठं टिकणार?"

"तुम्ही भूत बघायला जाता की शिवण?" काकू विचारायची.

"एकच आहे ते," मास्तर म्हणायचे.

अशात दुकानात एक माणूस सूट शिवायला आला. लग्नांची शूटिंग करायचा. खांद्यावर पोत्याएवढा कॅमेरा आणि तोंडाची टकळी अखंड चालू. भुताच्या सिनेमांचं वेड त्यालाही. पहिल्याच दिवशी दोघं तीन तास बोलत बसले आणि सुटाचं माप घ्यायचं राहूनच गेलं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. जो माणूस सूट शिवायला येतो आणि माप न देता हसत परत जातो, त्याच्या मनात काहीतरी वेगळं असणार. आणि तसंच निघालं. आठवड्याभरात दोघांनी ठरवलं, की आपण स्वतःच भुताचा सिनेमा काढायचा.

गोष्ट मास्तरांची होती, आणि ती एका शिंप्यालाच सुचावी अशी होती. एक शिंपी एका गिऱ्हाईक बाईला रोज "उद्या या" सांगतो. झगा अर्धवट राहतो आणि बाई मरून जाते. मेल्यावरही ती येतच राहते. ठरलेल्या वेळी त्याच्या मागे येऊन उभी राहते आणि विचारते, "झाला का माझा झगा?" घाबरून तो रोज थोडं थोडं शिवतो, आणि जेवढं शिवून झालं तेवढं दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावर असतं. शेवटी झगा पुरा होतो. शिंप्याला वाटतं, सुटलो. सिनेमाचं नाव 'उद्या या'.

शिंपी झाले स्वतः मास्तर. भुताचा आवाज काकूचा. नको नको म्हणत तिनं दिला. आणि भूत झाले मी. खोटं कशाला सांगू, मी मोहरून गेले. आयुष्यात पहिल्यांदा मला डोकं मिळालं. कागदाच्या लगद्याचं डोकं मास्तरांनी स्वतः बनवलं आणि त्यावर काळ्या लोकरीचे लांब केस शिवले. केस पुढून तोंडावर सोडलेले असत. तेवढाच काय तो त्रास. आधीच दुनियेवर माझा भरवसा नाही, त्यात डोळ्यांसमोर लोकर.

दुकान बंद असायचं त्या सुटीच्या दिवशी, भरदुपारी शूटिंग चालायचं. खिडक्यांवर कोटाचं काळं अस्तर ताणून बसवलं, की आत अंधार. माझ्या दांड्याला दोरी बांधलेली. दोरी ओढायला काकू मशिनीखाली बसायची. मी सरकायचे, चाक कुरकुरायचं, आणि शूटिंगवाला ओरडायचा, "पुन्हा घेऊ! भुताला तेल घाला कुणीतरी!"

मास्तरांनी माझ्यासाठी सात झगे शिवले. मी सिनेमात सात वेळा दिसते, म्हणून सात. पहिल्याला नुसते कच्चे टाके. दुसऱ्याला एक बाही. मग दुसरी बाही, मग कॉलर, मग लेस, मग बटणं, आणि सातव्याला खालची दुमड. कापड एकच, पण प्रत्येक झगा आधीच्याहून थोडा जास्त मळलेला, कारण बाई रोज जमिनीखालून येते. चहाचं पाणी, राख आणि माती लावून त्यांनी तो रंग आणला होता. गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडले. जन्मभर लोकांना उद्यावर ढकलणाऱ्या माणसानं भुताचा एकही झगा उद्यावर टाकला नाही.

शूटिंगवाल्याला हे पटत नव्हतं. "मास्तर, बाही कोण बघतंय? रक्त दाखवा, रक्त!"

"रक्त सगळेच दाखवतात," मास्तर म्हणाले. "बाही कुणी दाखवत नाही."

त्यावरून एकदा दोघांची चांगलीच जुंपली. मी तेव्हाच मनात म्हटलं, हा माणूस कधीतरी उट्टं काढणार. पाणी कुठंतरी मुरतंय.

शेवटच्या दृश्याच्या दिवशी ते घडलं. मला सातवा झगा चढवला होता. मास्तर पाठ करून मशिनीवर बसले होते, शूटिंगवाला दिवे हलवत होता, खोली काळोखी. मी आरशाच्या बाजूला उभी होते. तेवढ्यात मागून कुणीतरी आलं. माझ्या केसांखालून हात घालून माझ्या गळ्यात टेप अडकवली. तो हात थरथरत होता. मास्तरांचा हात कधी थरथरत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. लोकरीतून काही दिसेना. लगेच शूटिंगवाला ओरडला, "चालू!" दोरी ताणली गेली आणि मी सरकले.

कॅमेऱ्याच्या आत बघायची काच तेव्हा डाक-तिकिटाएवढी असायची, तीही काळी-पांढरी. सिनेमाची जोडणीही त्याच काचेत बघून झाली, त्यामुळे टेप कुणालाच दिसली नाही.

सिनेमा पुरा झाला. एका हॉलमध्ये पडदा लावून तो दाखवायचं ठरलं. सगळी गल्ली आली. मला शोभेसाठी दाराशी उभं केलं होतं. पहिली दहा मिनिटं लोक गप्प होते. मग आरशात शूटिंगवाल्याचं अर्धं डोकं दिसलं आणि खुसखुस सुरू झाली. चाक कुरकुरलं, तेव्हा हशा वाढला. तरी मास्तर सरळ बसून होते. मग ते शेवटचं दृश्य आलं. भूत हळूहळू पुढे सरकलं, केस बाजूला झाले, आणि गळ्यात पिवळीधमक टेप! आकडे वाचता येत होते.

"अहो, भूत माप घ्यायला आलंय!" कुणीतरी ओरडलं.

मग काय, लोक खुर्च्यांवरून खाली पडायचे बाकी राहिले. त्या हशात शेवटचं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही. मास्तर उठले, मला दांड्याला धरून ढकलत रस्त्यानं घरी घेऊन आले.

घरी आल्यावर ते काकूला एवढंच म्हणाले, "माझीच चूक. हाताची सवय. मीच अडकवली असणार."

काकूनं तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, नवऱ्याचं दुःख बघून तिला शब्द सुचत नसतील. मी तर आतल्या आत ओरडत होते, की तुम्ही नव्हे मास्तर, तो थरथरता हात तुमचा नव्हता. तो शूटिंगवाल्याचा होता! पण ओरडायला तोंड कुठे होतं? कागदाचं डोकंही काढून ठेवलं होतं.

त्यानंतर पुष्कळ दिवस गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "मास्तर, माप तुम्ही घेणार की ती?" मास्तर हसून साजरं करायचे. पण त्या दिवसापासून त्यांनी टेप गळ्यात घातली नाही. ड्रॉवरमध्ये ठेवायचे, माप घेऊन झालं की परत ड्रॉवरमध्ये. भुताचा सिनेमा पुन्हा कधी बघितला नाही. शूटिंगवाला दोनदा येऊन गेला, मग यायचा थांबला. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं. आणि मला माळ्यावर टाकलं.

मित्रांनो, माळ्यावर बावीस वर्षं काढणं सोपं नाही. उंदरांनी माझ्या पोटातला कापूस नेला. शेजारच्या ट्रंकेत सात झगे होते आणि त्यांच्याखाली सिनेमाची कॅसेट. खालून मशीनचा आवाज यायचा, आणि तो दर वर्षी थोडा मंद होत गेला. मी तो थरथरता हात आठवत राहायचे. दुसरं कामच नव्हतं.

मग एके दिवशी माळ्याची शिडी वाजली. मास्तरांची नात वर आली. मुलीची मुलगी, कॉलेजात शिकणारी, सुटीत आजोळी आलेली. तिनं माझ्यावरची चादर ओढली, मोठ्यानं किंचाळली आणि लगेच हसत सुटली. "आजी, हीच का ती?" असं खाली ओरडली. मला हे हसणं मुळीच आवडलं नाही. त्या हॉलमधलं हसणं मी विसरले नव्हते.

नातीनं कॅसेट नेली आणि कुठूनतरी कॉम्प्युटरवर उतरवून आणली. तिचे मित्रमैत्रिणी होते आठ-दहा, सगळे भुताच्या सिनेमांचे वेडे. त्यांना हा सिनेमा बघायचा होता. तोही इथेच, दुकानात.

"कशाला?" मास्तरांनी विचारलं. "हसायला?"

"हो, हसूही कदाचित," नात म्हणाली. "पण बघायचाय आजोबा. खरंच."

तिचं उत्तर मला अजिबात पटलं नाही. "हसूही" म्हणजे काय? दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं. मास्तरांनी मात्र विरोध केला नाही. "करा काय करायचं ते. मी बघणार नाही," एवढंच म्हणाले.

सुटीच्या दिवशी दुपारी खिडक्यांवर पुन्हा काळं अस्तर लागलं. भिंतीवर पांढरं कापड ताणलं. मला खाली आणून, झटकून, आरशाजवळ उभं केलं. पोरं जमिनीवर बसली. दारातून एक म्हातारा काठी टेकत आत आला आणि माझ्या पोटातल्या सगळ्या टाचण्या एकदम टोचल्या. शूटिंगवाला! नातीनं त्याला शोधून आणलं होतं. मास्तरांनी त्याला मान हलवून बसायला सांगितलं आणि स्वतः मागच्या मशीनवर, छोटा दिवा लावून, एक बटण लावत बसले. एका बटणाला एवढा दोरा कधी लागत नाही.

सिनेमा सुरू झाला. आरशात शूटिंगवाल्याचं डोकं दिसलं आणि पोरं हसली. चाक कुरकुरलं तशी आणखी हसली. मी मनात म्हटलं, झालं, सुरू झालं. माझी नजर मास्तरांच्या पाठीवरून हलत नव्हती. ती पाठ ताठ होती.

पण तिसऱ्यांदा भूत आलं, तेव्हा हसता हसता एक मुलगी एकदम सरळ बसली. "थांबव, थांबव. मागे घे जरा. मघाशी हिला एकच बाही होती ना?"

सिनेमा मागे गेला. पुढे आला. पुन्हा मागे गेला.

"अरे, आणि त्याच्या आधी बाहीच नव्हती!"

"म्हणजे तो दिवसा जेवढं शिवतो तेवढंच ती... बाप रे."

"आणि मळ बघ! मळ वाढत चाललाय!"

मागच्या मशीनवर सुईचा हात थांबला. मास्तरांनी मान वळवली नाही, पण बटण खाली ठेवलं. पुढचा सिनेमा पोरांनी श्वास धरून पाहिला. मध्ये एकदा सगळी एकदम दचकली, आणि दचकलो म्हणून स्वतःलाच हसली. त्या हॉलमधलं हसणं असं नव्हतं. तरी मी सावध होते, कारण शेवट मला ठाऊक होता.

शेवटचं दृश्य आलं. भूत पुढे आलं. केस हलले. पिवळी टेप. पोरं फुटलीच! एकजण तर टाळ्या वाजवू लागला. पण झगा पुरा बघायचा होता ना, म्हणून ती लवकर गप्प झाली. आणि मग बावीस वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी ते शेवटचं वाक्य ऐकलं. काकूच्या तरुण आवाजात भूत म्हणालं, "छान झालाय. आता दुसरा शिवा."

पडदा काळा झाला. नात हळूच म्हणाली, "आईशप्पथ."

तेवढ्यात दाराजवळ स्टुलावर बसलेली काकू उभी राहिली. "ती टेप यांनी नाही अडकवली," ती म्हणाली. "मी अडकवली होती."

मास्तर वळले. "काय?"

"मीच हो. तुम्ही पाठ करून बसला होतात. मी चहाचे कप उचलायला आले आणि आरशात ती दिसली. मेला जीवच गेला माझा! रोजची आपली डमी, पण काही केल्या ओळखू येईना. मशिनीखाली दोरी घेऊन बसायचं तर तिच्या पायाशी बसायचं. म्हणून काउंटरवर पडलेली तुमची टेप तिच्या गळ्यात घातली. म्हटलं, टेप असली की कळेल ही आपलीच आहे. सुरू व्हायच्या आधी काढणार होते. तेवढ्यात हे 'चालू' म्हणाले आणि मी दोरीकडे धावले."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"त्या दिवशी तुमचा चेहरा बघवत नव्हता. म्हटलं, उद्या सांगू. मग परत उद्या. उद्या उद्या करत राहिलं."

शूटिंगवाला काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "मी समजत होतो मास्तरांना माझाच संशय आहे. म्हणून तर यायचा थांबलो."

मित्रांनो, मला डोकं नाही हे त्या क्षणी बरं झालं. खाली घालायची वेळ आली असती. बावीस वर्षं मी एका चांगल्या माणसाला चोर ठरवलं होतं. तो थरथरता हात भीतीचा होता, आणि मी रोज तिच्या काज-बटणांत वावरलेली असून मला तिचा हात ओळखता आला नाही.

मास्तर मात्र चिडले नाहीत. ते काकूपुढे जाऊन उभे राहिले.

"म्हणजे तू घाबरली होतीस?"

"सांगतेय काय मग!"

"खरंच?"

"अहो, देवाशपथ."

"नेमकी कशाला घाबरलीस?"

काकूनं माझ्याकडे बोट दाखवलं. "डाव्या बाहीला. तिच्यातून हात बाहेर येत नव्हता. वाटलं, आत काहीतरी आहे आणि ते मुद्दाम बाहेर येत नाहीये."

"दोन बोटं लांब ठेवली होती ती," मास्तर म्हणाले. "मुद्दाम ठेवली होती." आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसत पुसत ते हसत होते, आणि काकू पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, ते मलाही कळलं नाही.

मग मास्तर म्हणाले, "परत लावा सुरुवातीपासून. मी नीट बघितला नाही." जाता जाता त्यांनी ड्रॉवर उघडला, टेप काढली आणि गळ्यात घातली. पोरांमध्ये जागा करून जमिनीवर बसले. शूटिंगवाला त्यांच्या शेजारी सरकला. आरशात त्याचं डोकं दिसलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मास्तर हसले.

आता मी दुकानातच असते, सातवा झगा घालून. पोटात नवा कापूस भरलाय. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. कुणी जीव ओतून काही केलं असेल आणि ते जरा वाकडंतिकडं झालं असेल, तर हसू आलं तरी हसा, पण शेवटचं वाक्य ऐकायला थांबा. त्याची बाही बघा. आणि त्यातलं काही मनाला भिडलं असेल तर त्या माणसाला त्याच दिवशी सांगा. आमच्या घरात ते सांगायला बावीस वर्षं लागली.

हल्ली मी संशय घ्यायचा सोडलाय, असं मात्र समजू नका. परवाच मास्तरांनी शूटिंगवाल्याला बोलावून दुकानाचं दार आतून लावून घेतलं, आणि आज टेबलावर पांढऱ्या कापडाचा नवा तागा येऊन पडलाय. एका गिऱ्हाइकानं काकूला विचारलं, तर ती म्हणाली, "उद्या सांगते." मास्तर म्हणाले, "आज सांग." आणि टाचण्या घेऊन माझ्याकडे आले.